बीटचा रंग

“कमोडमधलं पाणी लाल दिसतंय. आत्ता कोण जाऊन आलं?” मुलीने बाथरूमच्या दारातूनच विचारलं.

“बाबाच असतील,” ओट्याशी बीट किसत उभी असलेली आई म्हणाली. “फ्लश अर्धवट दाबायची सवय दुसऱ्या कुणाला आहे?”

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावर निघताना बुटाची नाडी बांधत होते, ते थांबले.

“बाबा, रक्त जातंय तुम्हाला. परवाही मला तसंच दिसलं होतं.”

“सुतावरून स्वर्ग गाठू नकोस,” आई म्हणाली. “बीटचा रंग तो. ताटभर खातात रोज. काहीजणांच्या अंगातून तो तसाच बाहेर पडतो.”

“मला तर कधी दिसला नाही,” बाबा म्हणाले.

“चष्मा लावून जाता का कधी?”

बाबा हसले. मुलगी हसली नाही. दोन दिवसांनी तिला जहाजावर रुजू व्हायचं होतं, इंजिनरूममध्ये. पहिलीच नोकरी, आणि तीही किती खेटे घालून मिळालेली. जहाजाने बंदर सोडलं की वर्षभर घरी येणं नाही, आणि ती गेली नाही तर जागा दुसऱ्याला.

तिने बॅग उघडली, गणवेश काढला आणि कपाटात परत ठेवला.

“कारण कळल्याशिवाय मी जाणार नाही.”

आई गणवेशाकडे बघत राहिली. मग हात पुसून म्हणाली, “डॉक्टरांकडे घेऊन जा त्यांना. आजच.”

दवाखान्यात बाबा घाबरले होते. उंच इमारतीत लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत दोराला लटकून काम करणारा माणूस, पण तपासणीची छोटी बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मुलीने ते पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं.

“रक्ताचा मागमूस नाही,” डॉक्टर म्हणाले. “बीट खाता का?”

“दोन आठवडे दुसरं काही खाल्लंय का विचारा. उकडून, किसून, सूप करून. हिच्या आईला कुठून खूळ लागलंय कोण जाणे.”

“मग काळजी नको. हा रंग रोज दिसतोच असं नाही. कधी उतरतो, कधी नाही.”

मुलीचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर आईने गणवेशाला स्वतः इस्त्री केली आणि बॅगेत तळाशी ठेवला, चटकन काढता येऊ नये असा.

निघायच्या दिवशी मुलीने बाबांना मिठी मारली. “बीट खुशाल खा. पण फ्लश नीट दाबत जा.”

तिघंही हसले. त्यातही आई जरा जास्तच हसली. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती हात हलवत होती. मग बाबा कामावर गेले.

आईने दार लावून घेतलं, खुर्चीवर बसली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

“मुलगी गेली आज,” ती म्हणाली. “आता मला ॲडमिट करून घ्या, डॉक्टर. रक्त जायचं अजून थांबलेलं नाही.”