पहिल्या फेरीचा मान

वाल्मिक गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने नव्या बोटीखालच्या नळकांड्यांवर पेरांनी ठकठक केली. पाहुण्याच्या दारावर करावी तशी.

ठण. ठण. तो पुढे सरकला. ठण. मग डावीकडच्या नळकांड्याच्या मागच्या टोकाशी आला.

ढब.

काठावर एकोणीस पोरं रांगेत उभी होती. त्यांना कोणी काही सांगितलं नाही, पण रांग एक पाऊल मागे गेली. ही पोरं रोज धरणाच्या पलीकडच्या वाडीतून वाल्मिकच्या तराफ्यावर बसून शाळेत येत. सहा निळे ड्रम आणि वर फळ्या. चढण्याआधी प्रत्येक जण ड्रम वाजवून बघायचा, देवळात शिरताना घंटा वाजवावी तसा. ढब म्हणजे आत पाणी, हे त्यांना बाराखडीच्या आधी आलं होतं.

"रांग मोडू नका," नाना म्हणाले. नाना दहिवलीचे, निवृत्त मुख्याध्यापक, आणि बोट-समितीचे मार्गदर्शक. बोटीचा खर्च मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने उचलला होता. समितीने फक्त निवडायची होती. तीन बैठका झाल्या. दोन छताच्या रंगावर गेल्या, तिसरी बोटीतल्या सोफ्यावर. नळकांड्यांचा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' यात होता, आणि आयत्या वेळी चहा आला.

"बाबा, नक्की?" सुप्रियाने विचारलं. ती वाल्मिकची सून आणि गावची सरपंच. तिच्या एका हातात पेन होतं, दुसऱ्यात कागद. कागदावर छापलं होतं, 'बोट सुस्थितीत मिळाली.'

"काल सांजच्याला उतरवली तवा समदी ठणठणीत होती गं. मी सोता वाजवून बघितली. रातभर पानी प्यालीय ती."

बोट विकणाऱ्यांकडून आलेला सौमित्र हसला. त्याला हसण्याचं शिक्षण दिलेलं होतं. "मॅडम, बोटी कुठल्या कुठे गेल्यात बघा. आधी लोक ड्रम बांधायचे. मग दोन फ्लोट आले, म्हणजे ही अशी नळकांडी. आता तीन, आणि प्रत्येकात तीन-तीन कप्पे. एक भरला तरी आठ तारतात. म्हणून तर हीच घ्यायची असते."

"नऊ कप्पे, आन पहिल्याच राती एक गेला," वाल्मिक म्हणाला. "म्हंजी नवरात्रात आटोपलं."

नाना हसले नाहीत. "वाल्मिक, तुझा तराफा बंद होणार, त्याचं वाईट वाटणारच रं. पण तुझे ड्रम तरी सगळे धड आहेत का?"

"नाय. सहातले दोन गेलेत."

"झालं!"

"पन कुठले दोन, ते मला ठाव हाय. त्या बाजूला मी कुनाला बसवत नाय. तुमचा आता कुठला जानार?"

नानांनी छताकडे पाहिलं. छत निळं होतं, बहुमताने.

ते दोन ड्रम गेले म्हणूनच तर सुप्रियाने बोट मागितली होती. चार-चार पोरांच्या पाच फेऱ्या व्हायच्या, आणि तिसरा ड्रम कधी जाईल ते वाल्मिकलाही सांगता येत नव्हतं.

"परत पाठवलीत तर यंदा दुसरी मिळणार नाही, मॅडम," सौमित्र हळूच म्हणाला. हे मात्र तो खरं बोलत होता.

"मग नाना, पहिली फेरी तुमीच मारून या," सुप्रिया म्हणाली. "आलात की सही करते."

नानांना रक्तदाब आठवला. समितीतल्या एकाचा उपवास निघाला, दुसऱ्याचे बूट नवे निघाले. मग नानांनी मोठ्या मनाने हात वर केला.

"पहिल्या फेरीचा मान मुलांचा! बोट त्यांच्यासाठी आहे, आपण कोण?"

टाळ्या वाजल्या. रांगेतल्या पहिल्या बारा जणांच्या अंगावर केशरी जॅकेटं चढली. ती मोठ्यांच्या मापाची होती. लहानांच्या गुडघ्यापर्यंत आली.

सुप्रियाने पेनाला टोपण लावलं. "पोरं नाय. मी जाते." तिने कागद नानांच्या हातात दिला, चपला काठावर काढल्या आणि सौमित्रकडे वळली. "चालवायला तुमी चला."

"अगं, सही तरी करून जा," नाना म्हणाले.

सौमित्रने एक जॅकेट घातलं. थोडा विचार केला आणि वरून दुसरं घातलं.

नारळ फुटला. स्पीकरवर आरती लागली. बोट काठावरून सुटली आणि सुटताच डावीकडून मागे बसली. सोफ्यावरची सुप्रिया सरकत पाण्याकडे गेली आणि तिने दांडी धरली. वाल्मिकने तराफ्याचा दोर सोडला, दोन फुटक्या ड्रमांपासून दूर उभा राहिला आणि वल्हं मारत तिच्या मागे निघाला. पोरांपैकी कोणी ओरडलं नाही. एवढी पोरं इतकी गप्प शाळेतही नसायची.

कडावचा नीलेश फोटो काढायला बोलावलेला होता. "नाना, बोट कललेली येतेय ओ फोटोत."

"मग तूही कल."

नीलेशने मोबाईल तिरका धरला, अजून थोडा तिरका धरला, आणि फोटो काढला. दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला. बोट त्यात अगदी सरळ आली आहे. मागचा डोंगर, धरणाची भिंत आणि जीव खाऊन वल्हं मारणारा वाल्मिक, एवढंच काय ते कललेलं.