भट्टी उघडल्यावर

भट्टी आणखी दोन दिवस निवू द्यावी, असं शेठना वाटत होतं. पण सगळ्यांचा सल्ला घ्यायला मशवरा केला, तेव्हा मुकादमासकट अकराही कारागीर म्हणाले, "आजच उघडू." शेठनी बिस्मिल्ला म्हणत स्वतःच्या हातानं भट्टी उघडली. गार वारा आत शिरला आणि महिनाभर घडवलेले रांजण एकेक करत तडकले.

दुसऱ्या दिवशी सगळे माना खाली घालून उभे. मुकादमानं तर नोकरीवर पाणीच सोडलं होतं.

शेठ जमिनीवर टेकले. "बोला मुकादम, नवी भट्टी कधी लावू या?"

"शेठ, अजूनही आम्हालाच विचारताय?"

"ज्यांचं चुकलं, त्यांना माफ करून पुन्हा त्यांचाच मशवरा घ्या, असा अल्लाहचा हुकूम पैगंबरांना होता. मग मी कोण लागून गेलो?"

शेठ खाली बसलेत आणि आपण उभे आहोत, हे मुकादमाच्या तेव्हा ध्यानात आलं.