बंधाऱ्यावरचा पाचवा

लांबलेला हिवाळा सरून एप्रिलात ऊन परतलं की पाच मित्रांनी पहिल्या रविवारी सायकलींवरून समुद्राच्या बंधाऱ्यावर आइस्क्रीम खायला जायचं, हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. यंदा सकाळीच त्या पाचांतल्या डाउवेचा सीब्रेनला फोन आला, “सीब्रेन, वारा फार आहे रे. आज राहू दे.” हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सीब्रेन सगळ्यांच्या मागे पडायचा. आपण एकट्याने जाऊन आलो हे मित्रांना ऐकवायचं, या हौसेनं तो तरीही निघाला. थांबत थांबत दोन तासांनी पोचला, तर चौघंही बाकावर आइस्क्रीम खात बसलेले. सोबत पाचवा कुणी तरणाताठा. सीब्रेनची धाप पाहून तोच उठला. “बसा आजोबा,” म्हणत त्याने जागा दिली आणि डाउवेला विचारलं, “तुमच्या ओळखीचे आहेत?” डाउवेने कोन चाटला. “गावात दिसतात कधीमधी.” बाकीचे तिघं आपापल्या आइस्क्रीमकडे वळले. सीब्रेनला निघून जायचं होतं, पण पायांत त्राण नव्हतं. तो बसला.