बाबांची काचपट्टी

मेणाचा ठोकळा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा होता. कडेला एकतीस वर्षांपूर्वीचा नंबर.

"ह्यात बाबा?" बहिणीने विचारलं.

"त्यांच्या आतड्याचा तुकडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये काढलेला. काल त्याचा पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवला. बघा."

बहीण मायक्रोस्कोपवर वाकली. ती शिवणकाम करायची, बारीक बघायची सवय होती. भाऊ दाराला टेकून उभा राहिला. "मी नुसता सोबतीला आलोय," हे त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. बाबांचा दोष आपल्यातही आलाय का, हे बघायला रक्त तपासायचं तो वर्षभर टाळत होता. बाबा गेले तेव्हा तो दोन महिन्यांचा होता.

"डावीकडे फिकट दिसतंय तो पॉलिप, नुसता कोंब. उजवीकडे तपकिरी ठिपके आहेत तो कॅन्सर. पेशीवर पहारा ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बिघडलं की आत साचतं आणि असं तपकिरी दिसतं."

"म्हणजे इथे फिरलं सगळं?"

"इथेच."

"केवढं अंतर आहे हे?"

"दोन मिलिमीटर."

"आणि वेळ?"

"दहा वर्षं धरा. नक्की नाही सांगता येत." डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही तर माझी परीक्षाच घेताय."

बहिणीने मनाशी वर्षं मोजली. तेवढ्या वर्षांत बाबांचं लग्न झालं, ती झाली, तिला सायकल शिकवून झाली. कुणाला पत्ताच नाही.

"आता माझी दाखवा."

महिन्यापूर्वी तिचे चार पॉलिप काढले होते. चारही काचपट्ट्या फिकट निघाल्या.

"घराण्यातून आलेला दोष तुमच्यात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढची पायरी अजून नाही. पण दरवर्षी यायचं, चुकवायचं नाही."

बहिणीने मान डोलावली. खुर्चीवरून उठायचं मात्र तिला सुचेना.

"ती आधीची परत लावता का?" दाराकडून भावाचा आवाज आला.

तो पुढे आला. लिफ्टदुरुस्तीच्या कामाचं ग्रीस लागलेले हात पँटला पुसले, एक डोळा मिटून वाकला.

"दोन्ही उघडे ठेव रे," बहीण म्हणाली.

तो बराच वेळ बघत राहिला. घरात बाबांचा एकच फोटो होता, तोही हललेला.

"ह्यात चांगलं कुठलंय?"

"चांगलं म्हणजे?"

"जिथे काहीच झालं नव्हतं ते."

डॉक्टरीणबाईंनी काचपट्टी कोपऱ्याकडे सरकवली. गोल गोल पेशींच्या रांगा, एकीला एक लागून, नीटनेटक्या.

"हे. अगदी निरोगी."

भाऊ तिथेच थांबला. बाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटला दुसऱ्यांदा हाक मारली.

"रक्त किती काढता?" त्याने मान न उचलता विचारलं.

"चमचाभर. बाजूच्याच खोलीत. चला."

"थांबा हो जरा," तो म्हणाला. "बघतोय अजून."