सवाष्ण

कमलबाई पानावर बसली तशी कस्तुराबाईंनी सुनेला चुलीपाशी बोलावलं.

"हिलाच कशापायी आवतण दिलंस? गावात दुसरी सवाष्ण मिळंना व्हय?"

"तिचा नवरा हाय की, आत्याबाई."

"कुठं हाय महारुद्र? सात महिनं झालं निजामाशी लढाया सरहद्दीपल्याड क्यांपात जाऊन."

"मेल्याची खबर न्हाय. तवर ती सवाष्णच," प्रेमाबाई हळूच म्हणाली आणि पुरणपोळ्या घेऊन माजघरात गेली.

श्रावणातला शुक्रवार होता. रझाकारांच्या धास्तीनं जळकोटात त्या साली भरदुपारीही दारं लावलेली असत. सात महिन्यांत कमलबाईला कुणी हळदीकुंकवालासुद्धा बोलावलं नव्हतं. आज ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. प्रेमाबाईनं तिला मळवट भरला, तिची ओटी भरली. ती मान खाली घालून सावकाश जेवू लागली.

तेवढ्यात मागल्या दारावर थाप पडली. प्रेमाबाईनं आत जाऊन दार उघडलं. बिरदेव धनगर होता. मेंढरांमागं तो सरहद्दीपल्याड जायचा, तिकडच्या खबरा आणायचा. रानात वावरणाऱ्या बिरदेवाला हळू बोलणं ठाऊक नव्हतं.

"महारुद्राला गोळी लागली, वैनी. परवा नाक्यावर. तिकडंच अग्नी दिला."

कस्तुराबाई सुनेचा हात धरून म्हणाल्या, "उठव तिला. देवीच्या नावाचं पान हाय ते."

"जेवतं माणूस उठवू न्हाय."

"अगं, आता ती सवाष्ण राहिली का?"

"माझ्या घरात आवतणानं आलीय ती. जेवून उठंस्तवर कुणी काय बोलायचं न्हाय."

डोळे पुसून, तुपाची वाटी घेऊन प्रेमाबाई बाहेर आली. कमलबाईचा हात पानावर थांबला होता. घास बोटांत तसाच होता. तिनं वर बघितलं नाही.

"आजून एक पोळी वाढा, वैनी."

प्रेमाबाईनं वाढली. कमलबाईनं ती खाल्ली. आणखी एक मागितली, तीही खाल्ली.

पान रिकामं झालं. हात धुवायला प्रेमाबाईनं तांब्या पुढं केला.

"आत्ताच नगं," कमलबाई म्हणाली.

माळवदावरचं ऊन उतरलं. उष्टा हात कोरडा पडला. तरी ती पाटावरनं उठली नाही.