सकाळी आठची टकटक

एकटीने, काटकसरीत स्पेन बघायला निघालेल्या मोकाशीबाईंना खोली इतकी स्वस्त का, ते सोरिया शहरात पोचल्यावर कळलं. ब्याण्णव वर्षांची घरमालकीण पिलार एकटीच राहायची. लंडनच्या खानावळीत शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत तिने अट सांगितली, "रोज आठला माझं दार वाजवायचं. ओ आली नाही तर माद्रिदच्या भाच्याला फोन. आठवडाभर कुजत पडायची हौस नाही मला!"

कराडच्या शाळेत चौतीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईंना यात काय अवघड! तीन दिवस टकटक झाली, की आतून खणखणीत "जिवंत!" यायचं.

चौथ्या दिवशी ओ आली नाही. बाई धडपडत आत घुसल्या, तर म्हातारी छातीवर हात जोडून ताठ पडलेली. बाईंनी हंबरडा फोडला, तशी ती खदखदून हसली. "छान रडतेस गं! मागचा पाहुणा सरळ बस पकडायला पळाला होता."

रविवारी पुन्हा सामसूम. "आज नाही हं फसणार, पिलारबाई!" बाई बाहेरूनच ओरडल्या आणि निघाल्या. म्युझियम सकाळपुरतंच फुकट होतं.

दुपारी त्या परतल्या, तरी दार बंदच. आत पिलार जमिनीवर पडली होती, एक हात दाराकडे लांबवून. अंग अजून कोमट होतं.

भाच्याने फोनवर विचारलं, "आठला ओ दिली होती का तिने?"

"दिली की," मोकाशीबाई म्हणाल्या. "हसल्यासुद्धा."