उलटे शब्द

“जा,” एसेनकुल म्हणाला. “जा इथून.”

बुरूलने मटणाच्या शोर्प्याचा वाडगा खाली ठेवला. झटका आल्यापासून नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला होता. बोलणंही अडखळत होतं. पण हा एक शब्द मात्र खणखणीत यायचा. ती खाटेजवळ बसली की ‘जा’. ती उठली की त्याच्या डोळ्यांत पाणी.

नारिनहून त्याला बिश्केकच्या इस्पितळात आणलं, तेव्हा तो दगावेल अशी तिला भीती होती. आता त्याहून वाईट भीती मनात शिरली होती. एवढा संसार केला तो या माणसाने आपल्याला नुसतं सोसून केला की काय? ती बाहेर जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत यायची.

सकाळीच डॉक्टर नाझिरा सांगून गेली होती. मानेतली रक्तवाहिनी तुंबलीय, दुसरा झटका कधीही येईल. “ऑपरेशनमध्ये धोका आहे, एजे,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली होती. “न करण्यात जास्त आहे. पण होकार त्यांचाच हवा. दुपारी विचारते.”

दुपार होता होईना. बुरूलने शेजारच्या खाटेवरचं वर्तमानपत्र उचललं. घरी शब्दकोडं एसेनकुल सोडवायचा, ती चहा ओतता ओतता शब्द वाचून दाखवायची. आजच्या कोड्यावर सूचना होती, दिलेल्या शब्दाच्या उलट अर्थाचा शब्द लिहा. ती सूचना तिने वाचलीच नाही मोठ्याने. त्याला कुठलं कळायला! मनाला काहीतरी काम हवं होतं, म्हणून ती नुसते शब्द वाचत सुटली.

“शत्रू.”

“मित्र,” एसेनकुल म्हणाला.

तिने चमकून वर पाहिलं. “उतार?”

“चढ.”

“उधळ्या?”

“चिक्कू.”

एकेक शब्द चौकोनांत चपखल बसत गेला. डोकं शाबूत होतं तर! बुरूलला कितीतरी दिवसांनी हसू आलं. कोडं संपवून तिने वाडगा त्याच्या ओठांशी नेला. “घ्या. गार तर नाही ना झाला?”

“गरम,” तो तोंड वाकडं करून म्हणाला.

शोर्प्यावर चरबीचा पांढरा थर गोठला होता.

बुरूलचा हात तसाच राहिला. तिने खिडकीकडे बोट केलं. बाहेर लख्ख ऊन होतं. “अहो, दिवस आहे का रात्र?”

“रात्र.” आपलाच शब्द कानावर पडताच त्याने जोरजोरात मान हलवली, डाव्या हाताने गादीवर बुक्की मारली.

मग तिला तो ‘जा’ आठवला.

तेवढ्यात डॉक्टर आत आली. मागून परिचारिका स्ट्रेचर ढकलत होती.

“आक्साकाल,” वडीलधाऱ्याला मारावी तशी हाक मारून तिने विचारलं, “ऑपरेशन करायचं ना?”

“नको,” एसेनकुल म्हणाला. “नको, नको!”

डॉक्टरने सुस्कारा सोडला. “मग माझा इलाज नाही, एजे. घरी न्या.”

“थांबा!” बुरूल ओरडलीच. “ते उलटं बोलतायत!”

“घरच्यांना असंच वाटतं हो.”

“विचारा त्यांना, बर्फ कसा असतो! विचारा!”

डॉक्टरने विचारलं.

“गरम,” तो म्हणाला. जन्मभर नारिनच्या थंडीत ट्रक चालवलेला माणूस.

डॉक्टरने एक हात स्ट्रेचरवर ठेवला, दुसरा दाराकडे केला. “बोलू नका. नुसतं दाखवा. हे, की घर?”

एसेनकुलचा डावा हात वर आला. हवेत डगमगला. हात दाराकडे गेला, तर ‘जा’ म्हणजे जाच.

त्याने स्ट्रेचरची कड पकडली. इतकी घट्ट, की परिचारिकेला त्याची बोटं सोडवावी लागली.

संध्याकाळी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं. एसेनकुलने बायकोचं मनगट धरलं. त्याचा तळवा घामाने ओला होता.

“मला... भीती... नाही,” तो म्हणाला.

“बघा, किती धीराचे आहेत आजोबा!” परिचारिका कौतुकाने म्हणाली.

बुरूलने वाकून त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

“मलाही नाही,” ती म्हणाली.